हेन्री पारकर नेमका कुठला?

७८६
अल-खोबर, सौदी अरेबिया, फेब्रुवारी १९९१

जनाब अलीचाचा यांस पुतण्या इब्राहीमचा अदबीने सलाम. तुमच्या दुआने मी इथे ठीक आहे. तुमचा दमा आणि चाचीचे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे लढाई चालू आहे, बाकी हवा छान आहे.

काल संध्याकाळी भोंगा वाजला आणि आम्ही सगळे गोदामात घुसलो. (खिडक्यांना टेप मारली की गोदामाला इथे आसरा म्हणतात.) दाढीमुळे माझा गॅस मास्क काही नीट बसेना. दाढी वाचवावी की जीव, या विचारात असताना शेजारी बसलेले आमचे ऑस्ट्रेलियन इंजिनिअर ग्रॅहमसाहेब म्हणाले, की अशी दाढी आमच्या हेन्री पारकरची होती. चाचा, मी मास्कच काढून टाकला. पारकर? आणि ऑस्ट्रेलियात?

भोंगा थांबला, फोरमन ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला कामाला, असं ओरडला, तरी मी साहेबांना सोडलं नाही. हेन्री गरीब घरचा, बायकोला घेऊन जहाजाने परमुलखात गेला, खेळण्यांचं दुकान काढलं, ते बुडालं. (इथवर शंभर टक्के आपलाच.) पुढे राजकारणात शिरला आणि पाच वेळा आपल्या वसाहतीचा मुख्यमंत्री झाला. तेव्हा तिथे इंग्रजांच्या सहा वेगवेगळ्या वसाहती. सरहद्द ओलांडली की जकात. रेल्वेच्या रुळांची मापंसुद्धा वेगळी, म्हणून पेट्या उतरवून दुसरी गाडी धरायची. भाषा सगळ्यांची एकच, पण ऐकायचं कोणी कोणाचं नाही. या म्हाताऱ्याने भाषणं केली, पत्रं लिहिली, सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं, की फेडरेशन करा, म्हणजे मिळून एक देश व्हा. मी विचारलं, मग झालेला देश त्याने पाहिला का? नाही म्हणे, पाच वर्षं आधीच गेला. पण त्याच्या नावाचं गाव आहे आणि लोक अजून त्याला फेडरेशनचा बाप म्हणतात.

मी साहेबांना छातीठोक सांगून बसलोय, की तो आमच्यातलाच, एकी करणं आम्हा पारकरांच्या रक्तातच आहे. सांगितलं आणि आपल्या दोन घरांमधला दगडी गडगा आठवला. चिकूच्या एका फांदीवरून तुम्ही दोघे सख्खे भाऊ, तुम्ही आणि अब्बा, अकरा वर्षं बोलत नाही. तुमच्याकडची कोथिंबिरीची काडी आमच्या अंगणात यायची तर मांजराने आणली तरच येते. मला फार वाईट वाटलं, चाचा.

असो. जमातीची जुनी वही तुमच्या कपाटात आहे. तिच्यात १८३९ च्या सुमारास जहाजावर चढलेला एखादा पारकर सापडतो का, तेवढं पाहा.

तुमचा
इब्राहीम

ता. क. साहेबांनी आज नाव कागदावर लिहून दाखवलं. ते ‘पार्क्स’ निघालं. वही काढू नका.

ता. क. दुसरा: कंपनी लढाईमुळे प्रत्येकाला घरी एक फोन करू देणार आहे. मोहल्ल्यात फोन फक्त तुमच्याकडे. हाशम हे पत्र घेऊन सुट्टीवर येतोय. तो पोचेल त्यानंतरच्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, मी फोन करीन. रेडिओवरच्या बातम्या ऐकून अम्मी जेवत नाही असं कळलं. अम्मी-अब्बा दोघांना तेवढं तुमच्या घरात बोलवा. मला भीती वाटते, चाचा. त्यांचा आवाज ऐकायचाय.

ता. क. तिसरा: हाशमजवळ अब्बांसाठीही चिठ्ठी दिली आहे. तिच्यात लिहिलंय, की अलीचाचा स्वतः तुम्हाला बोलवायला येणार आहेत. मी आजवर अब्बांशी कधी खोटं बोललेलो नाही.