हातमोजे घालून नमस्कार

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

अहो,

परवा सकाळी रेश्मा निघते आहे. कुठं, ते ओळखलंत ना? तुमच्याच शिखरावर! पलटणीत असताना गढवालात ज्याच्या माथ्यावर उभे राहून आलात, त्याच. तुम्ही असतात तर बापलेकीनं दोऱ्या आणि नकाशे पसरून सगळा हॉल अडवला असता आणि मला पोळपाट ठेवायलाही जागा उरली नसती. तुम्ही नाही, म्हणून मी लिहायला बसले. पलटणीत होतात तेव्हा लिहायची, तसंच. उत्तराला तेव्हाही उशीरच व्हायचा.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. लोक विचारतात, कशाची आठवण जास्त येते? मी काहीतरी सांगते. खरं सांगायचं तर तुमच्या उजव्या हाताची येते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही वरच्या पेरापासून नाहीशी. लग्नात धरला तो हात पाच धड बोटांचा होता, पण मला आठवतो तो नंतरचाच. ताप आला की कपाळावर तो हात ठेवायचात. तीन बोटं गार लागायची आणि दोन आखूड खुंटं गरम. डोळे मिटूनसुद्धा कळायचं, तुम्हीच आहात.

आता ताप आला तर गोळी घेते आणि झोपते.

रेश्माचं जाणं तुमच्यासारखं नाही हो. तुम्हाला हुकूम आला आणि तुम्ही निघालात. आता पैसे भरून जातात. सांगलीचे एक विक्रम सर आहेत, ते सगळी मोहीम आखतात. कोण कधी कुठल्या तळावर राहणार, कुठून दोर लावलेला असणार, कुणाबरोबर कोणता शेर्पा, सगळं आधी ठरलेलं. वर थोडं चढायचं, पुन्हा खाली येऊन झोपायचं, म्हणजे अंगाला हवा मानवते. दुपार कलली की जिथं असाल तिथून मागं फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. हे मला फार आवडलं. खर्चाचं मात्र विचारू नका, तुम्ही तिथं बसल्या जागी घाबराल. पाचगणीच्या शाळेत पोरांना कवायत शिकवून तिनं साठवलं आणि उरलेलं मी घरखर्चातून काढलं. कसं काढलं, ते माझं मला माहीत!

सामानाला वजनाची हद्द घालून दिली आहे. मग मी काय केलं असेल? कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन एकेक वस्तू तराजूत घातली. वाणी म्हणाला, "काकू, लेक सासरला चालली का काय?" मी म्हटलं, "सासरला जाताना कुणी बर्फाची कुऱ्हाड देतं का रे?" मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि मुगाचे लाडू हद्दीत बसवले. तिनं लाडू निम्मे काढले. मी पुन्हा घातले. अजून ते भांडण चालूच आहे.

ट्रंकेतून तुमचा हातमोजा काढला होता. एकच. दुसरा तिथं वर वाऱ्यानं नेला. आतलं अस्तर कडक झालंय, डांबराच्या गोळ्यांचा वास मारतोय. दुसऱ्या हाताला तसाच शिवून घेता येईल, असं माझ्या मनात आलं होतं. रेश्मा म्हणाली, "आई, हे काय उशीचे अभ्रे आहेत?" शेवटी नवीन घेतले. किंमत ऐकून मी दुकानदाराला म्हटलं, "हातमोजे आहेत का मंगळसूत्र?"

सरांनी घरच्या माणसांना सांगलीला बोलावलं होतं. मीही गेले. त्यांनी पडद्यावर शिखर दाखवलं. अहो, केवढं ते! तुम्ही सांगताना हातानं दाखवायचात, तेव्हा मला आपल्या अजिंक्यताऱ्यापेक्षा थोडं मोठं वाटायचं. शेवटी सर म्हणाले, "घरच्यांना काही विचारायचंय?" कुणी विम्याचं विचारलं, कुणी फोन लागेल का म्हणून. मी हात वर केला.

"वर पोचल्यावर हात जोडायला किती वेळ मिळतो?"

लोक हसले. रेश्मानं मान खाली घातली. सर हसले नाहीत.

"ताई, हात जोडायला हवा तेवढा वेळ घेऊ दे. पण हातमोजे काढायला अजिबात नाही."

"देवापुढं झाकल्या हातानं?"

"झाकल्या हातानंच. तिथला वारा हात उघडा पडायचीच वाट बघत असतो."

मला काय वाटलं असेल, ते तुम्हालाच कळेल.

परतीच्या एसटीत रेश्मा हळूच म्हणाली, "सर काहीही म्हणू देत. मी पप्पांसारखंच करणार." आणि पर्समधून पिवळ्या फडक्याची पुडी काढून दाखवली. आत गावच्या खंडोबाचा भंडारा. गाठसुद्धा सासूबाईंनी तुम्हाला बांधून दिली होती, तशीच. रेश्मा तेव्हा पाळण्यात होती, तिनं ती पुडी पाहिलीसुद्धा नव्हती. पण तुम्ही किती वेळा सांगितलंत! माथ्यावर पोचलो, देवापुढं हात झाकून कसं उभं राहायचं म्हणून हातमोजे काढले, आईनं दिलेली गाठ सोडली, आणि त्या पांढऱ्या बर्फावर आपल्या देवाची हळद सोन्यासारखी उडाली. हे सांगताना तुमचे डोळे असे चमकायचे की मीसुद्धा हातातलं काम ठेवून ऐकायची. गावानंही तुम्हाला डोक्यावर घेतलं. देवाला बोटं वाहून आला म्हणाले. जत्रेत पहिला भंडारा उधळायचा मान तुम्हाला, त्याच हातानं.

रागावू नका, पण तुम्ही गोष्ट अर्धीच सांगितलीत हो.

खोटं कशाला बोलू, ती पुडी बघून मला आधी आनंदच झाला. वाटलं, तुम्ही उभे होतात तिथं तुमचंच कुणी उभं राहील, तसंच, उघड्या हातानं. घटकाभर तुम्हीच परत आल्यासारखं झालं. गाडी कराडच्या स्टँडवर थांबली, तिनं भाजक्या शेंगा घेतल्या आणि सोलायला लागली. दहाही बोटं कशी भराभर चालत होती! टरफलं ओच्यात, दाणे माझ्या तळहातावर. मी त्या बोटांकडे बघतच राहिले.

मग विचारलं, "तुझे पप्पा शेंगा दातानं का फोडायचे, ठाऊक आहे?"

"सैनिकाची सवय. तेच सांगायचे की."

"सवय नव्हे. बोटांना सोलता यायच्या नाहीत."

आणि मग मी सगळं सांगितलं. थंडी पडली की नसलेल्या पेरांत कळा यायच्या. मी तिळाचं तेल कोमट करून चोळायची आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात, मला डोळे दिसू नयेत म्हणून. शर्टाचं वरचं बटण मी लावायची, मग तुम्ही कडक इस्त्रीत बाहेर पडायचात आणि लोक म्हणायचे, काय रुबाब! पुन्हा डोंगरावर पाठवा म्हणून केलेले अर्ज त्या दोन बोटांपायीच परत आले. शेवटचा परत आला तेव्हा दिवसभर तुम्ही अंगणातल्या लिंबाखाली बसून होतात. जेवायलासुद्धा उठला नाहीत.

ती शेंगा सोलायची थांबली. "म्हणजे पप्पा चुकले?"

"चुकले कसं म्हणू? त्यांच्या मनात देव होता. पण दुखलं लय, पोरी. शेवटपर्यंत दुखलं."

"वर जातानाच सांगायचं होतं का हे तुला?"

"वर जातीयेस म्हणूनच सांगितलं."

सातारा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, मी तिचा बाप दुसऱ्यांदा नेला. घरी आल्यावर तुमच्या फोटोसमोर पुडी ठेवली आणि म्हणाली, "मग मी वर जाऊन काय करू आई? नुसता फोटो काढून येऊ?"

तुम्हाला तरी ह्याचं उत्तर सुचलं असतं का? तुम्ही तर तिला म्हणाला असता, काढ गं हातमोजे, काय होतंय! आणि मी तुमच्याशी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं भांडले असते.

उत्तर दुसऱ्या दिवशी देवपूजेला बसले तेव्हा मिळालं. म्हटलं, देवानं तिच्या उघड्या हातांची वाट कशाला बघायची? झाकले हात आधी त्यालाच दाखवू. रविवारी वडूजची गाडी धरून दोघी गावाला गेलो. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मी तिला सांगितलं, "घाल हातमोजे." कडक उन्हाचं! भोवती चार बायका जमल्या. बाळूदादा गुरव धावत आले.

"आवं वहिनी, ह्ये काय? तळव्याला कातडं हाय न्हवं त्याच्या? देवाच्या दारात?"

मी म्हटलं, "दादा, तुमची हलगी कशाची आहे? ती तर रोज देवाच्या तोंडासमोर वाजते."

"आवं पर ती वाजवायची असती!"

"आणि हे घालून माझ्या लेकीला परत यायचंय."

बाळूदादांनी माझ्याकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं. मग पाणावल्या डोळ्यांनी म्हणाले, "त्याची बोटं म्या बघितल्यात वहिनी. शेवटच्या जत्रंला मूठ भरायला गेला आन् निम्मा भंडारा बोटांतनं गळून गेला. मला म्हनला, कुनाला सांगू नगंस."

हे मला माहीत नव्हतं. माझ्यापासूनसुद्धा लपवलंत?

त्यांनी ताटातला भंडारा ओंजळभर घेतला आणि तिच्या दोन्ही हातमोज्यांवर ओतला, चोळला, पार शिवणीत बसेपर्यंत. नवे कोरे, एवढ्या किमतीचे हातमोजे हळदीनं माखले! रेश्मानं ते पिवळे पंजे जोडले. अस्वलासारखी दिसत होती. आधी एक बाई हसली, मग रेश्मा हसली, मग मीही. तुमच्यामागं त्या देवळात मी पहिल्यांदाच हसले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आई, आता हे धुवायचे नाहीत."

"कोण धुतंय? डाग जायचा नाही त्याचा."

"आता वर गाठ सोडायलाच नको. भंडारा हातावरच आहे."

पुडी देव्हाऱ्यात तुमच्या फोटोपाशी ठेवून दिली आहे. ती तिच्याबरोबर जाणार नाही. तुमचा एकटा हातमोजाही शेजारीच ठेवला आहे. काल पुसताना सहज हात घालून बघितला. शेवटच्या दोन बोटांची जागा रिकामी असेल असं उगीच वाटलं. पण तो तुमची बोटं होती तेव्हाचा. आत पाचही घरं होती. मी किती तरी वेळ हात बाहेर काढला नाही.

एक विनवणी आहे. तुमचा दुसरा हातमोजा तिथंच कुठं बर्फात असेल, आणि मला वाटतं, तुम्हीही अधूनमधून तिकडे जात असाल. इथं तर दिसत नाही. रेश्मा वर आली, तुम्हाला ओळखलं, तर ती हात पुढं करील. तुम्ही मोज्यावरूनच धरा. काढ म्हणू नका. ढग आले, वेळ टळली आणि ती माथ्याखालूनच मागं फिरली, तर तिला हाक मारू नका. जाऊ द्या तिला. माझ्याकडे पाठवा.

आणि माझ्याकडून एक वचन. ती माथ्यावर पोचो किंवा अर्ध्यातून परतो, पुढच्या जत्रेत पहिला भंडारा रेश्मा उधळील. दहा धड बोटांनी, भरल्या मुठीनं. गावानं तुटल्या बोटांना मान दिला, मी शाबूत बोटांना देववीन. बाळूदादांशी पुन्हा भांडावं लागलं तरी चालेल. मी उंबऱ्याशी उभी राहीन, आणि हळद उडाली की उजवीकडे थोडी जागा सोडीन, तुम्ही उभे राहायचात तिथं.

तुमचीच,
सुमन

ता. क. लाडू सगळे घातले. तिला सांगू नका.