अर्ध्या पानाची घडी

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. यांच्या तोंडाच्या डाव्या बाजूचा लकवा काही हटत नाही रे. चहा ओघळतो, मग कुणासमोर यायलाच नको म्हणतात. उजव्या गालावरचा तीळ तेवढा जागच्या जागी आहे, असं मी चिडवते. हसतात, तेही वाकडंच.

नर्सरीच्या पाट्यांसाठी पानांची चित्रं काढतेय. माझी युक्ती तुला ठाऊक आहे: अर्धं पान काढायचं, ट्रेसिंग पेपर दुमडायचा, उरलेलं अर्धं गिरवायचं. बिगोनियाचं चित्र सोबत पाठवतेय. वनस्पतिशास्त्राचा शिक्षक आहेस, बघून सांग.

माया आहेच, पत्रातही दिसू दे.
तुझी ताई

११ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. अगं, बिगोनियालाही घडी घातलीस? हसून हसून पुरेवाट झाली! त्याचं पान जन्मजातच लंगडं. मधल्या शिरेची एक बाजू ऐसपैस, दुसरी आखूड. त्यावरूनच तर तो ओळखू येतो. नर्सरीच्या मालकीणबाई पाटी परत पाठवतील, बघच.

भावोजींना नमस्कार. त्यांचं वाकडं हसू मला चालतं म्हणावं. चिडवलं म्हणून लोभ आटवू नकोस.
तुझा धाकटा

२ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. मालकीणबाईंनी पाटी नाही, बिगोनियाची कुंडीच पाठवली. नवं पान हुबेहूब माझ्या चित्रासारखं. पट्टीने मोजलं, दोन्ही बाजू सारख्या. अंगावर काटा आला, पण मनात आलं ते आलंच. यांचा फोटो घेतला, उजवा अर्धा चेहरा गिरवला आणि घडी घातली.

तोंड सरळ झालं रे! तीन दिवस मी आनंदाने रडत होते. चौथ्या दिवशी हे दाढी करून आले, तर डाव्या गालावरही तीळ. आता दोन्ही हातांनी सारखंच लिहितात. छातीला कान लावला तर ठोके उजवीकडेही. बोलतात गोड, पण चिडवलं तर हसत नाहीत, ओठ नुसते दोन्हीकडे सारखे ताणतात.

मला माझा वाकडा माणूस परत हवाय. कागद जाळावा तर यांनाच काही झालं म्हणजे? लवकर ये.
ताई

९ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ. तू निघतोयस असं पत्र मिळालं. घाई नको, ताई आता अगदी बरी आहे. रडून रडून तिचा चेहरा एका बाजूला ओढला होता, मला बघवेना. कागद तिचाच, युक्तीही तिचीच. आता ती रडत नाही. आम्ही समोरासमोर बसतो, छान वाटतं.

तिने एकच काम सांगितलंय. घरात तुझा एकच फोटो सापडला, त्यात तू मान कलती करून हसतोयस. तो कामाचा नाही. समोरून काढलेला एक पाठव. नाहीतर येच, समोर बसलास तरी चालेल.

लोभ आहेच, दोन्ही बाजूंनी सारखा.
तुझे भावोजी