पडद्यापुढचा लोटा

॥ श्री ॥

लाखनी,
मंगळवार, ८ नोव्हेंबर १९८३

चि. भोजराज यास चंदाताईचे आशीर्वाद.

तुझं कार्ड धनतेरसला मिळालं. दिवाळीच्या धामधुमीत उत्तर राहिलं. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून ठीक आहे. यांच्या कमरेचं दुखणं हटत नाही, दुकानात मलाच बसावं लागते. उशिराचं भारी धान अजून शेतात उभंच आहे. काकडआरती सुरू आहे, देवाच्या दयेने एकही दिवस चुकली नाही, पण पहाटे उठताना आता गुडघे माझ्याआधी बोलतात. माय माझ्याजवळ लाखनीलाच आहे. तिची नजर कमी झाली, जेवण बरं आहे. जावयाच्या घरचं अन्न गोड लागत नाही असं रोज म्हणते आणि रोज जेवते.

भाऊबीजेला भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, तसं यंदाही ओवाळलं. बीजेचा चंद्र तो, चिंचेच्या झाडामागे सापडेपर्यंत वात विझत आली होती. धाकटी म्हणाली, "आई, मामा तं चांदणीवर राहते, मंग चंद्राले काहून ओवाळून राहिली?" सारे हसले. मीही हसले.

आता तुझ्या कार्डाचं. चारच ओळी लिहिल्यास आणि त्याही अशा. आपल्या दिघोरीच्या मंडईच्या जत्रेत यंदा तुझा 'चांदणीपल्याड' लागू द्यायचा नाही, लोक पडद्यापुढे लोटा ठेवून तुझी टिंगल करतात असं तुला कळलं, आणि पिक्चर लागलाच तर दिघोरीशी तुझं नातं संपलं. कोणी कळवलं ते लिहिलं नाहीस. ज्याने कळवलं त्याने लोटा पाहिला, पण तो कोणी ठेवला ते काही पाहिलं नाही.

तुझा शब्द म्हणून मी काल दोन एसट्या बदलून दिघोरीला गेले. मंडईचं सगळं अजून भैय्याजीच पाहतात. त्यांना तुझं कार्ड वाचून दाखवलं. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "चंदाबाई, भोजराजच्या शब्दाबाहेर मी नाही. पण लोकायले काय सांगू? एखाद्या साली नाटक नाही झालं तं चालते. हा पिक्चर नाही लागला तं गावोगावचे पाहुणे माह्या घरावर येतीन."

आतून शकुनबाई ओरडल्या, "त्याले म्हणा, बंद कराचा असन तं सोता येऊन कर! पोस्टानं पिक्चर बंद होत नसते."

भैय्याजी म्हणाले, "हे माही बायको बोलून राहिली, मी नाही." पण त्यांनी तिला गप्पही केलं नाही.

तेव्हा मीच तुला सांगते काय होते ते. मग तू ठरव.

पहिल्यांदा भंडाऱ्याला पिक्चर लागला तेव्हा दिघोरीहून ट्रक भरून लोक आले होते. आपला भोजराज, मंडईच्या नाटकात राजा व्हायचा, एका पदाला चार वेळा वन्समोर घ्यायचा, तो सिनेमात गेला. पाच गाणी आहेत असं तूच लिहिलं होतंस. मी ते सगळ्यांना सांगून ठेवलेलं. रंभाबाई तर नातवाला कडेवर घेऊन आल्या होत्या. पडद्यावर ते यान उतरलं आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अवो माय, हा तं आपल्या भंडाऱ्याचा पाणी भराचा पितळी गुंड!" सारं थेटर हसलं. त्या गुंडातून तू बाहेर आलास, अंगाला तो चांदीसारखा कागद. टाळ्या पडल्या.

तिथवर बरं होतं. पण तू बोलेचना. तुझ्या ग्रहावर हवा नाही, म्हणून तिथल्या माणसाला आवाज नाही, आणि तू पृथ्वीवर आवाज शोधायला आलास, हे लोकांना समजायला मध्यांतर उजाडलं. मग खालच्या वर्गातून सुरू झालं. "गाना कब है रे?" "मुकाच पाह्यजे होता तं आमचा गाणारा कायले नेला?" शास्त्रज्ञांनी तुला काचेच्या खोलीत कोंडलं तेव्हा बायका कळवळल्या, "अगा, पाणी तरी द्या त्याले." शेवटी तू टेकडीवर उभा राहिलास, चांदण्यांकडे पाहून तोंड उघडलंस, आणि काहीच ऐकू येईना, तेव्हा आपला इश्वर तबलजी खुर्चीवर चढला. "मशीन बिघडली! आवाज द्या, नाही तं पैसे द्या!" खुर्च्या बडवल्या गेल्या. मशीनवाला बाहेर येऊन देवाची शपथ घेऊन सांगू लागला की मशीन ठीक आहे. त्याचं कोणी ऐकलं नाही. आठवड्याच्या आत पिक्चर उतरला.

टिंगल म्हणशील तर ती तेव्हा झाली.

तीन वर्षांनी दिघोरीच्या मंडईत नाटकाचं जमलं नाही. टुरिंग टॉकीजवाल्याजवळ स्वस्तातला म्हणून हाच एक पिक्चर होता. भैय्याजींनी नाइलाजानं आणला. लोक सतरंज्या टाकून बसले, गुंड आला, हसले. पण आता त्यांना ठाऊक होतं की तू बोलणार नाहीस. त्यामुळे त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. आधी ते वाट पाहत होते, आता पाहत होते. मला नीट लिहिता येत नाही, पण फरक होता.

टेकडीचा सीन आला. तू तोंड उघडलंस. आणि मागून पेटीमास्तर वासुदेवरावांनी तुझ्या राजाचं दुसऱ्या अंकातलं पद धरलं, जे त्यांनीच तुला शिकवलं होतं. इश्वरने बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर ठेका दिला, तोच इश्वर. मग बाया, माणसं, सारे. तुझं तोंड पडद्यावर हलत होतं आणि पद खालून उठत होतं. कुठेही चुकलं नाही रे. जिथे तू श्वास घेतलास तिथेच वासुदेवरावांनी घेतला.

त्यावर पुढे लिहीन. आता दुकान उघडायची वेळ झाली.

गुरुवार, १० नोव्हेंबर

काल सारा दिवस गिऱ्हाइकीत गेला. पाकीट बंद करून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण लोट्याचं राहिलं.

त्याच मंडईची गोष्ट. माय तेव्हा दिघोरीलाच होती. तू गुंडातून बाहेर आलास तशी ती माझ्या बाजूने उठली. मला वाटलं थंडी वाजली. घर मैदानाला लागूनच, ती गेली आणि पितळी लोटा भरून घेऊन आली. माणसांमधून वाट काढत पुढे गेली, पडद्याखाली लोटा ठेवला, आणि परत येऊन बसली. चार पोरं हसली, हे खरं. रंभाबाईंनी त्यांना असं झापलं, "दात काय काढता रे? पाहुणा आला तं पाय धुवाले पाणी नाही ठेवत का तुमच्या घरी?"

दुसऱ्या वर्षी रंभाबाईंनीही ठेवला. मग ज्या घरचं कोणी परगावी आहे, त्या त्या घरचा लोटा येऊ लागला. कोणाचा मुलगा भिलाईला, कोणाचा फौजेत. सुशीलाबाईंच्या मुलाचा तर पत्ताच नाही, त्यांचाही येतो. पडद्याच्या उजेडात लोट्यांची ओळ चमकते. ह्याला टिंगल म्हणतात काय रे?

मागल्या साली शेवटचं रीळ तुटलं, ज्यात तू गुंडात बसून परत जातोस ते. टॉकीजवाला हात जोडून उभा राहिला. पैसे परत मागतील असं त्याला वाटलं. लोकांचं पद म्हणून झालं होतं, ते उठले आणि आनंदाने घरी गेले. इश्वर त्याला म्हणाला, "राहू दे, सुधरवू नको. पाहुणा राह्यला तं बरंच झालं."

हे सगळं लिहिलं आणि जे लिहायचं ते टाळतेच आहे.

बाबांच्या तेरवीला तू आलास, गळ्याला मफलर. सर्दी झाली म्हणालास. वैशाख होता. पंगतीत कोणी भजन म्हण म्हटलं तर उठून गोठ्याकडे गेलास. त्यानंतर पिक्चर आला, पाच गाण्यांतलं एकही नाही. त्यानंतर तू आला नाहीस. मी मॅट्रिक झालेली बाई, तीन गोष्टी समोर असल्या तर चौथी मला दिसते. पण मी ती पाहिली नाही, पाहायची नव्हती. त्या पहिल्या मंडईत पद संपल्यावर वासुदेवराव माझ्याजवळ आले. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. म्हणाले, "बाई, पोरगा तोंड हालवून नोहोता राह्यला. गाऊन राह्यला होता. माही जागा न् जागा घेतली त्यानं. फक्त गळा नोहोता."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सारा भंडारा ज्याला बिघडलेली मशीन म्हणत होता, तो तू होतास.

गळ्याला काय झालं, कुठे कापलं, कोणी सांभाळलं, मला काही माहीत नाही. त्या दिवसांत तुला पेज करून द्यायला कोण होतं, हा विचार आला की माझ्या हातातलं काम थांबते. रागवत नाही मी. रागवायलाही अंगात जोर लागतो. एवढंच वाटते की आम्हाला पद पाहिजे होतं, भोजराज नको होता, असं तू समजलास. तसं समजायला आमचंही काही चुकलं असेल. वन्समोर आम्हीच मागत होतो.

मायला मी हे आजवर सांगितलं नव्हतं. सोमवारी दिघोरीहून आले, तुझं कार्ड तिला वाचून दाखवलं, गळ्याचं मात्र काढलं नाही. ती वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याचा गळा गेला ना वो?"

मी म्हटलं, "तुले कोणं सांगतलं?"

"कोण सांगन? भंडाऱ्याले पिक्चर पाह्यला तवाच समजलं मले."

"मंग इतके वर्ष बोलली काहून नाही?"

"तू बोलली का?" मग पुढची वात घेत, "मी माय आहो त्याची, पब्लिक नाही. मले का त्याचं गाणं पाह्यजे?"

मी तिला विचारलं, मग लोटा का ठेवला. हे मला चार वर्षं टोचत होतं. कारण भोजराज, आपल्याकडे पोटच्या पोराला कोणी लोटा ठेवत नाही. पोरगा विहिरीवर जातो, आपलं पाणी आपण काढून पाय धुतो. लोटा पाहुण्याला.

माय म्हणाली, "घरी येत नाही तो पाहुणाच नाही तं काय? पण पाहुणा म्हणून आला तरी चालन, म्हणून ठेवला."

एवढं बोलून ती वाती मोजू लागली आणि मी चुलीपाशी गेले.

तर तुझ्या कार्डाचं उत्तर. पिक्चर मी थांबवणार नाही. भैय्याजींना तसं आज कळवते. नातं संपवायचं तर तू संपव, माझ्या हाताने होणार नाही. शनिवारी, १९ तारखेला मंडई आहे. मी मायला घेऊन दोन दिवस आधी जाते, घर उघडून सारवते. तिला यंदा तिथे जायचंच आहे, पुढच्या सालचं ती काही बोलत नाही.

तू ये. गाऊ नको. बोलू पण नको, आम्ही काय बोलायचं ते बोलू, आमच्या घरात बोलणाऱ्यांची कमी कधी होती? टेकडीचा सीन आला की मागे वासुदेवरावांजवळ जाऊन बस. ते फार थकले आता, वरची जागा त्यांना लागत नाही. श्वास कुठे घ्यायचा ते तुला माहीत आहे. तेवढं त्यांना खांद्यावर हात ठेवून दाखव.

मायला मी सांगून ठेवलं आहे, यंदा लोटा ठेवायचा नाही. ती 'पाहू' म्हणाली. पण घासून मात्र ठेवलेला नाही, हे मी पाहिलं.

विहिरीचा दोर जुना झाला होता. सोमवारी येताना मी नवा बांधून आले. तुझं पाणी तूच काढ.

तुझी
चंदाताई