नऊ सेकंद अस्पष्ट

बाबा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. बी.ई.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी भोपाळमधल्या एकतीस मराठी घरांतलं बोलणं रेकॉर्ड केलं. ऐकलेलं मराठी आपोआप लिहून काढणारा प्रोग्राम मला बनवायचा होता.
२. असा प्रोग्राम शिकवायला आधी माणसाने ऐकून लिहिलेला मजकूर लागतो. तो तुम्ही लिहिलात. सात रजिस्टरं भरली.
३. त्यानंतर चार महिन्यांनी तुम्ही वारलात. त्याला नऊ वर्षं झाली.
४. त्याच मजकुरावर मी पुढे एम.टेक. केलं. माझा एकमेव शोधनिबंधही त्यावरच छापून आला.
५. या ऑगस्टमध्ये मी रजिस्टरं समोर ठेवून मूळ रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं.
६. तुम्ही लिहिलेलं कोणीही बोललेलं नाही.

या वर्षी प्रोग्राम नव्या घरांत नेला, तर तो चालेना. तुमच्या मजकुरावर तपासला की उत्तम, बाहेर नेला की निकामी. दोन महिने मी चूक माझ्या कामात शोधली. मग एका दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून, इंद्रपुरीतल्या काकूंचं रेकॉर्डिंग लावलं. त्या नळाबद्दल सांगत होत्या, "पाणी आलं की मी जल्दी जल्दी बाल्टी भरून घेते, नाहीतर पडोसवाली माझ्या आधी नंबर लावते. चालू आहे ती एक नंबरची." आणि स्वतःच हसल्या. रजिस्टरमध्ये तुमच्या वळणदार अक्षरात होतं: "पाणी आलं की मी घाईने बादली भरून घेते, अन्यथा शेजारीण माझ्या आधी रांगेत उभी राहते. ती फार धूर्त आहे." इंद्रपुरीत नळावर उभं राहून आजवर कोणी 'अन्यथा' म्हटलेलं नाही. मी पुढचं ऐकलं, त्याच्या पुढचं ऐकलं. एकतीस घरं, आणि प्रत्येक घरात तुम्हीच बोलत होता. माझा प्रोग्राम बरोबर शिकला होता. फक्त तुम्हाला शिकला होता.

मला आश्चर्य वाटायला नको होतं. कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये आपण जेवायला बसलो आहोत. मी दहा वर्षांची आहे. मी आईला म्हणते, "आई, थोडा चावल दे." आईच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात आहे. तुम्ही पातेल्यावर झाकण ठेवता, डाव आत असतानाच, आणि शांतपणे म्हणता, "चावल शेजारी मिळतो. इथे भात असतो." मी 'भात' म्हणेपर्यंत झाकण निघत नाही. रागावलात असं कोणी म्हणणार नाही, तुमचा आवाज कधीच चढत नसे. पण त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही आईकडे बघत होता. ते वाक्य तिच्यासाठी होतं. तुम्ही पुण्याहून कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलात. ती इथलीच, राजधानी भोपाळला हलली तेव्हा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर आलेल्या घरातली. तिच्या तोंडात अर्धी हिंदी होती आणि तुमच्या मते ती तुमच्या मुलीला लागत होती, खोकला लागावा तशी. मावशीचा फोन आला की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. दाराआडून ती एवढं बोलायची, एवढी हसायची की मला ती दुसरीच कोणी वाटायची. तुमच्या स्कूटरचा आवाज आला की म्हणायची, "चल, ठेवते."

रजिस्टरांचं मात्र मला खरंच बरं वाटलं होतं, हेही नोंदवते. कॉलेजात माझ्या वर्गात मराठी ऐकून लिहिता येणारं कोणी नव्हतं. तुम्ही नुकतेच निवृत्त झाला होता. मी जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून अडखळत लिहीत होते. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "आण इकडे. हे तुझं काम नाही, माझं आहे." माझ्या अभ्यासाला तुम्ही लावलेला तो पहिला हात. तीन महिने रोज सकाळी दहा ते एक, पेनात शाई भरून. मी ते टाइप करत गेले आणि एकदाही ताडून पाहिलं नाही. कोणत्याही दुसऱ्या माणसाच्या मजकुराची मी दहातली एक ओळ तरी तपासली असती. ही चूक माझी आहे आणि ती मी तुमच्यावर ढकलत नाही.

एकतिसावं घर आपलं होतं. मी फोन ओट्यावर ठेवला, आईला म्हटलं दिवसभरात काय करतेस ते सांग, आणि कॉलेजला निघून गेले. मागे कुकर आहे, नळ आहे. भाजीचा भाव सांगताना शिट्टी होते, तरी तुम्ही भाव बरोबर लिहिला आहे. अकराव्या मिनिटाला कुकर बंद आहे, नळ बंद आहे, आणि आई म्हणते, "हे घरी असले ना, की मी कमच बोलते. काही बोललं की गलती निघते. आधी मनातल्या मनात बोलून पाहते, मग सोडूनच देते." नऊ सेकंद. संपूर्ण रेकॉर्डिंगमध्ये याहून स्वच्छ आवाज कुठेच नाही. त्या जागी तुम्ही कंसात लिहिलंत: अस्पष्ट. सात रजिस्टरांत हा शब्द मी शोधला. तो एकदाच आला आहे.

इतरांचं बोलणं तुम्ही सुधारलंत. ते तुमच्या गर्वात बसतं, मला त्याचा हिशोब लागतो. हे सुधारता आलं असतं. 'कमच'च्या जागी 'कमीच' आणि 'गलती'च्या जागी 'चूक' लिहिलं की वाक्य तुमच्या पसंतीचं झालं असतं. तुम्ही ते केलं नाहीत.

आता मी पीएच.डी.साठी अर्ज करते आहे. त्यात शैक्षणिक आणि संशोधनाच्या पार्श्वभूमीबद्दल दोन पानं लिहायची आहेत. शोधनिबंध मी सोमवारी मागे घेतला, म्हणजे ती दोन पानं जवळजवळ रिकामी झाली. तो का मागे घेतला हे लिहावं लागेल. गाइड मॅडम म्हणाल्या, "लिख दो, ट्रान्सक्राइबर ने गड़बड़ की. कौन था, ये कौन पूछ रहा है?" एवढं लिहिलं तर प्रवेश मिळण्याची थोडी शक्यता आहे. पण माझ्या संशोधनात घडलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे: लिहिणारा माझा बाप होता, म्हणून मी तपासलं नाही. ते वाक्य लिहून ठेवलं आहे. काढायचं की ठेवायचं, हे अजून ठरलेलं नाही.

क्वार्टर सोडल्यापासून आई आणि मी भोपाळमध्येच, बाग सेवनिया भागात राहतो. ती आता भरपूर बोलते. दूधवाल्याशी, जिन्यात, फोनवर. ते रेकॉर्डिंग मी तिला ऐकवलेलं नाही. तुम्ही ते ऐकलंत, त्यानंतरच्या चार महिन्यांत तुमच्यात काय झालं, हे तिला विचारता येईल. मी विचारलं नाही, कारण माझ्याशी बोलताना ती अजूनही वाक्याच्या आधी थांबते. आधी मला वाटायचं, तिचं वय झालं. तसं नाही. मी तिला अडवत नाही, झाकण ठेवत नाही, पण मी बोलते तुमच्यासारखी, आणि तिचं बोलून झाल्यावर तेच वाक्य नीट करून परत म्हणते. गेल्या आठवड्यात मी स्वतःला तसं करताना ऐकलं.

हे कुठे पाठवायचं नाही, मला माहीत आहे. तरी मुदत घालते आहे, कारण मुदत नसलेला कागद तुम्ही बाजूला ठेवत होता. प्रश्न एकच आहे. ते नऊ सेकंद ऐकल्यावर तुम्ही तिच्याशी काही बोललात का? अर्जाचा शेवटचा दिवस पंधरा तारीख आहे. चौदा तारखेपर्यंत उत्तर द्यावं.