धाकटीच्या वाट्याचा चौक

आये, काल धाकटी आली होती. पुण्याहून, सासरच्या माणसांना घेऊन, मोठी गाडी करून. बोईसरला लग्न होतं, म्हणून मला न्यायला सातपाटीत आली आणि मागच्या सीटवर, आहेराच्या पिशव्यांशेजारी बसवलं. पालघर आलं तशी ड्रायव्हरला म्हणाली, "हुतात्मा चौकात दहा मिनिटं थांबवा. माझं बालपण दाखवायचंय सगळ्यांना." तिचं बालपण! माझ्या तिथंच पोटात दुखायला लागलं. पन्नाशी उलटली तरी ही पोटदुखी जात नाही, काय करू?

पालघरच्या सकाळच्या एसटीत तू बोंबलांची टोपली चढवायचीस आणि तिला काखेत घ्यायचीस. "ही रडते, हिला नेते. तू थोरली हायस, सुकटीकडं बघ." मग मी आणि बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, त्यांचे दात बोटांत रुतायचे. दिवसभर कावळे हाकायचे, आभाळ बघायचं, ढग आला की धावत सगळं आत आणायचं. संध्याकाळी धाकटी येते ती बर्फाच्या गोळ्याने जीभ लाल करून, आणि चौकातल्या पोलिसाची शिट्टी मला वाजवून दाखवते. माझ्यासाठी तू टोपलीतून अबोलीची वेणी काढायचीस. अबोली! तिला वाससुद्धा नसतो. मोगरा मिळायला रडावं लागतं की काय, असं मला वाटायचं. पण मला रडायला वेळ कुठे होता?

काल ती चौकातल्या हुतात्मा स्तंभापाशी उभी राहते, हात करून दाखवते, "इथं आमची आई बसायची, मी तिच्या पाठीशी." सासरची माणसं माना डोलावतात, फोटो काढतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. मला उन्हाचाही राग आला आणि तिच्या गॉगलचाही. रस्ता ओलांडून मी सावलीला गेले. तिथे एक म्हातारी फुलं घेऊन बसली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"सातपाटीच्या बोंबीलवालीची पोर ना गं तू? नाक तेच हाय. आयच्या टोपलीमागं बसायचीस ती?"

मी म्हणाले, "हो." जन्मभर जे हवं होतं ते कुणी आयतं देत होतं, आये. नाही कसं म्हणू?

"केवडी रडायचीस तू वेणीसाठी! लोळन घ्यायचीस. पन तुजी आय द्यायची नाय. आल्या आल्या मला सांगायची, अबोलीची एक ओल्या फडक्यात ठेव. मी बोलायची, मोगरा ने. तर बोलायची, मोगरा सांजपरत काळा पडतो, अबोली टिकते. ती माज्या थोरलीची हाय. ती सुकटीपाशी हाय, म्हनून मी हितं निवांत बसलीय." मग तिने विचारलं, "थोरली कशी हाय गं?"

"बरी आहे," मी म्हणाले. "घरीच असते."

त्या क्षणी मला त्या थोरलीचा एवढा हेवा वाटला, की ती मीच आहे हे सांगायला तोंड उघडेना. हे तू मला कधी का नाही बोललीस? चौकातल्या फुलवालीला सांगितलंस, मला नाही.

म्हातारीने एक वेणी माझ्या हातात ठेवली. पैसे घेईना. "घे, तवा नाय भेटली ना तुला. आज माळ."

तेवढ्यात गाडीचा हॉर्न. मी आत बसून वेणी केसांत माळली. धाकटीने आरशातून पाहिलं. "अबोली का गं, ताई? मला आईने एकदाही दिली नाही. रोज फक्त तुला." ती हसत बोलली, पण उमरोळी येईपर्यंत आरशातून वेणीकडेच बघत होती. मी खिडकीकडे तोंड केलं. आयत्या बिळावर नागोबा.

हा कागद मी आज चुलीत घालणार आहे. तू आता नाहीस, वाचणार नाहीस ते ठीक, पण धाकटी पुन्हा येईल आणि तिला माझे डबे उघडायची खोड आहे. वेणी तिची होती, आये. मी दिली नाही. लग्नभर मिरवली. आत्ता पाहिली, अजून टिकून आहे.