सातवं रोप

मंगळवार, १२ मार्च. संध्याकाळ.

मळ्यावर कामाला येणाऱ्या हिराबाईंना काय म्हणावं, कळत नाही. आपल्या कांद्याचा जपानी पातीच्या कांद्याशी संकर केला, त्यातली सात रोपं मीच थंडीत उपटायला लावली होती. पात एका बाजूने चपटी, जपानीसारखी गोल नाही, म्हणजे निव्वळ कांदा, संकर झालेलाच नाही, असं माझं ठाम मत. आज हडपसरच्या मळ्यावर पंपाच्या खोलीमागे, तेलाच्या जुन्या डब्यात, त्यातलंच एक फुलावर आलेलं! दांडा चाचपला. कांद्याच्या दांड्यासारखं पोट सुटलेलं नाही, जपानीसारखा सरळसोटही नाही. जेमतेम फुगवटा. म्हणजे संकरच की! आणि मी शहाणा तो फेकायला निघालो होतो.

"फेकायचं जिवावर आलं, सायेब. भाजीला नेली. निवडताना ह्याची पात बोटाला गोल लागली, म्हून लावलं."

केवढी माया वाटली बाईंची. पुन्हा तो फुगवटा चाचपला आणि विचारलं,

"आणि बाकीची सहा?"

"ती खाल्ली की. कांदाच हुता त्यो."

वहीत सहांपुढे 'निव्वळ कांदा' लिहिलं. तपासणी कोणी केली, त्या रकान्यात हिराबाईंचं नाव घातलं. कशी केली, ते मात्र लिहिलं नाही.