लाल बटणाची तार

ता. ३ ऑगस्ट

चि. भाच्यास, मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी बरा आहे म्हणायचं, पण डोळ्याला डोळा नाही. तुझ्या आईचं बोलतं खोकं बिघडलं. तेच रे, तिच्या बालवर्गातलं. शाळेनं भंगारात काढलं तेव्हा ती उचलून घरी घेऊन आली आणि आपण तिला हसलो होतो. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेल्यापासून तेच तिचं तोंड. पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं की ते पाणी म्हणतं, हिरवं बटण दाबलं की हो, लाल दाबलं की नाही. आता लाल मुकं झालंय. मानेनं सांगेल म्हणावं, तर हो म्हणायचं असलं तरी मान आडवी हलते. डॉक्टर म्हणाले, मानेवर विश्वास ठेवू नका.

आणि तुझे वकील नोंदणीच्या साहेबांना घेऊन येणार. घर विकून आश्रमात जायला ती राजी आहे का, एवढंच विचारणार. ती राजी नाही हे तुला ठाऊक आहे. पण सांगणार कशानं? मी झाकण उघडून पाहिलं. आत तारांचा गुंता, एक हिरवी पाटी, तिच्यावर झुरळासारखी काळी चिप. हात लावायला धजलो नाही. माझी अक्कल चौथीपर्यंतची, तू या विद्येतला. लवकर लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा घाबरट मामा

ता. ७ ऑगस्ट

ती. मामांस, सा. न. वि. वि.

चौथी पास माणसानं खोकं उघडलं आणि ते अजून शाबूत आहे, हेच नवल. चिपला धाड भरत नाही, तिच्यात शब्द कायमचे कोरलेले असतात. बटणाची तार सुटली असणार. लाल तार शोधा. तिचा जुना ठिपका खराब झालाय असं समजा, आणि हिरवी तार पाटीला जिथं चिकटली आहे त्याच ठिपक्यावर हिलाही कथलाचा डाग द्या. बादल्यांना डाग देण्यात जन्म गेला तुमचा, पण ही तार केसाएवढी आहे. चष्मा लावा.

एक सांभाळा. बटण दाबून बघायचं नाही. बादलीचा डाग लगेच घट्ट होतो, हा मुरावा लागतो. आधी दाबलंत तर चिप जळेल आणि आईचं तोंड कायमचं बंद होईल. साहेबांसमोरच सुरू करा. आई नाही म्हणाली, तर मी घराचं नाव काढणार नाही.

लोभ आहेच, तो वाढवायला हरकत नाही.
भाचा

ता. २० ऑगस्ट

चि. भाच्यास आशीर्वाद.

माझं कुठं चुकलं रे? तू सांगितलंस तसंच केलं. ती शेजारी बसून बघत होती, तार बसली तेव्हा हसलीसुद्धा. साहेबांनी विचारलं, तिनं लालवर बोट ठेवलं, आणि खोकं हो म्हणालं. ती पुन्हापुन्हा दाबत राहिली. हो, हो, हो. साहेब हसून म्हणाले, बाईंना फारच घाई दिसते. मी ओरडलो की ते बटण लाल आहे, तर तुझे वकील म्हणाले, आजोबा, रंग कसले बघता, ऐकू येत नाही का? तिची मान जोरजोरात आडवी हलत होती. पण मानेवर जाऊ नका असं साहेबांना मीच आल्याआल्या बजावलं होतं. वकिलांनी तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला.

साहेबांना कळव की चूक तारेची होती. तुझा शब्द मानतील. माझं कोण ऐकतो?

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
मामा

ता. २४ ऑगस्ट

ती. मामांस, सा. न. वि. वि.

तुमचं काहीही चुकलं नाही. डाग अगदी जिथं हवा होता तिथंच बसला. लहानपणी त्या खोक्यापुढं बसून मी चुकलो की आई म्हणायची, तुला काय म्हणायचं होतं ते राहू दे, खोक्यातून काय आलं ते बघ. साहेबांनी तेवढंच बघितलं.

महिनाअखेर घर मोकळं करा. तुमचे पत्रे, कातऱ्या, भट्टी सगळं न्या, मागं काही राहिलं तर भंगारवाला नेईल. खोकं आईबरोबर जाऊ दे. तिला करमेल.

आशीर्वाद द्यालच, सवय आहे तुम्हाला.
भाचा

ता. १५ सप्टेंबर

भाच्यास,

चि. लिहिताना हात अडला, तेव्हा तसंच सोडलं. मी जुन्या दुकानाच्या पोटमाळ्यावर राहतो.

काल आश्रमात गेलो. तिथली बाई तिचं कौतुक करत होती. म्हणाली, तुमची बहीण भारी गुणी, कशालाच नाही म्हणत नाही. गार पाण्यानं अंघोळ घालू का, हो. दिवा घालवू का, हो. आणखी भरवू का, हो. तिच्या गळ्याशी सांडलेलं वाळून गेलं होतं.

मी पिशवीतून हत्यारं काढली आणि लाल तार तिच्या जुन्या ठिपक्यावर लावली. ठिपका चांगला होता. तार नुसती सुटली होती.

मग मी तिला विचारलं, ताई, दर रविवारी येत जाऊ का? तिनं माझ्या हातांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. बोट उचललं आणि लाल बटण दाबलं.

नाही. अगदी स्वच्छ आवाज आला.

तुझ्याकडं काही मागत नाही, लोभही नाही.
मामा